दही संपलं, आई

यंदा झड लागली आणि माझं दही पुन्हा बिघडायला लागलं. चार चार दिवस सूर्य दिसत नाही. भिंतीला ओल आली आहे, काडेपेटीची काडी तीनदा ओढावी तेव्हा कुठं पेटते, आणि विरजलेलं दूध मात्र आपलं काम घाईघाईनं उरकून मोकळं होतं. संध्याकाळी थेंबभर विरजण लावावं, सकाळी झाकण काढावं तर वर हिरवट पाणी सुटलेलं आणि नाकाला झोंबणारा आंबूस वास. आमचे हे म्हणाले, "कढी कर." मी हो म्हटलं, पण पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिले. मागच्या श्रावणात अशा आंबट दह्याला आमच्या घरी फार मान होता. कढीला एक थेंब मिळत नव्हता. सगळं स्नेहलच्या स्कोनांत जायचं.

स्नेहल माझी एकुलती लेक. लग्न होऊन पुण्याला गेली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी ती आमच्या बोरी अरबच्या स्टँडवर एकटीच उतरली, तेव्हा तिच्याजवळ दोन मोठ्या बॅगा होत्या. चार दिवसांसाठी येणाऱ्या लेकीजवळ एक पिशवी असते. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. मी मनात म्हटलं, पुण्याच्या पोरी, त्यांना कपडे फार लागतात. स्वतःची समजूत घालायची झाली की माणसाला किती अक्कल सुचते बाप्पा!

मी जन्मभर बालवाडी चालवली. दारातून आत येणाऱ्या पोराचं तोंड पाहून मी सांगत असे, याचं पोट दुखतं, याला घरी मार बसला, ही उपाशी आली. गावात माझं नाव होतं त्यासाठी. आणि पोटची पोर आठ दिवस माझ्यासमोर ताटातला भात नुसता चिवडत होती, तर मी तिला म्हणत होते, "लोणचं वाढू का?"

आठव्या दिवशी तिनं विचारलं, "आई, घरी मैदा हाये का?"

पुण्यात लग्नानंतर दोन वर्षं ती एका बेकरीच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पुढं ते सुटलं. का सुटलं, ते मी विचारलं नव्हतं. तिथं ती स्कोन करायला शिकली. स्कोन म्हणजे पाव आणि बिस्किट यांच्या मधलं काहीतरी. बाहेरून खरपूस, आतून मऊ, बोटानं उघडलं की दोन भाग व्हावेत आणि मध्ये लोणी लावता यावं. मी मैदा काढून दिला, साखर, मीठ, सोडा दिला. बेकिंग पावडर हे दारव्ह्याहून घेऊन आले. मग ती म्हणाली, "अंडं लागते खरं तर." मी डोळे मोठे केले. श्रावणात आमच्या घरात अंड्याचं नावही निघत नाही. ती म्हणाली, "माहीत हाये वं माय मले. बिनाअंड्याचे करते. अंड्याचं काम हे आंबलेलं दूध करते."

तिनं थंड लोण्याचे खडे मैद्यात टाकले आणि बोटांच्या टोकांनी चुरले, भरड रवाळ होईपर्यंत. मग दह्याचं पातेलं ओतलं आणि चमच्यानं चार वेळा इकडून तिकडे केलं, झालं. माझ्याच्यानं ते बघवेना. मी परात ओढून घेतली आणि हाताच्या टाचेनं दणादण मळायला लागले. आम्ही गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायच्या रोडग्याची कणीक अशी मळतो की ती बुक्की मारली तर बुक्कीच परत यावी. जन्मभर हाताला तेच वळण.

"आई! अवं मळू नको!"

"मळू नको तर काय हळदकुंकू वाहू त्याले?"

पण व्हायचं ते झालं होतं. जाड बुडाच्या पातेल्यात मीठ तापवून, वर ताटली ठेवून आम्ही ते भाजले. निघाले तेव्हा एक हातात घेऊन ह्यांनी ओट्यावर आपटून पाहिला. आवाज झाला. "हा तर रोडगाच हाये," हे म्हणाले, "गोवऱ्या पेटव अन् वांग्याची भाजी टाक." स्नेहल हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. त्या हसण्यासाठी मी गावभरचा मैदा आणला असता.

दुसऱ्या खेपेला तिनं मला हात लावू दिला नाही, नुसतं बघायला बसवलं. पीठ चिकट राहिलं तरी चालतं म्हणाली. थापून जाड ठेवायचं, लाटायचं नाही. स्टीलच्या पेल्यानं गोल कापायचं, पण पेला सरळ दाबायचा आणि सरळ उचलायचा. पिळला की कडा मिटतात आणि मग ते वर येत नाहीत. ताटलीत एकमेकांना चिकटवून ठेवायचे, म्हणजे एकाच्या आधारानं दुसरा उभा राहतो. मी विचारलं, अंडं नाही, खमीर नाही, मग हे फुगतं कशानं? "आंबट अन् सोडा एकमेकासंग भांडतात आई. त्या भांडणातनं फुगते."

"भांडणातनं काही चांगलं निघते हे पहिल्यांदाच ऐकून राह्यली बाप्पा मी."

ती पेला पिठात बुडवत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरी तर भांडणबी होत नाही."

"मंग चांगलंच हाये की."

"तो बोलतच नाही, आई."

आणि मग ते निघालं. भाजीत मीठ जास्त झालं, तर नवरा अकरा दिवस तिच्याशी बोलला नाही. एकदा कामावरून यायला उशीर झाला, तर तीन आठवडे. त्याच खोलीत बसून मित्राशी फोनवर खदाखदा हसायचा, फोन ठेवला की तोंड बंद. ही जेवायला वाढायची, तो ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचा. माफी मागून मागून हिनं शेवटी नोकरी सोडली, तेव्हा तो बोलायला लागला. पंधरा दिवस गोड वागला. मग पुन्हा काहीतरी झालं. काय झालं ते तिला आजपर्यंत माहीत नाही. "मी घरात हाये का नाही, मलेच समजत नाही आई. तिकडे एकदा आरशात पाहून मी मोठ्यानं माझं नाव घेतलं."

मी विचारलं, "मारत नाही ना?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"मंग?"

हे "मंग" माझ्या तोंडून गेलं. माझ्याच. पोरीनं इतकं काळीज उघडून ठेवलं आणि मी बालवाडीच्या बाईसारखी पुढचा प्रश्न विचारला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ताटली उचलून पातेल्यात ठेवली. त्या दिवशीचे स्कोन चांगले फुगले होते.

खरं सांगायचं तर त्या मोसमात घर वासानं भरलेलं असायचं. बाहेर कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारणी चाललेली, शेताकडून वारा आला की औषधाचा उग्र दर्प यायचा, आणि आत लोणी नि मैदा भाजल्याचा गोड वास. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर पाने फिरवून निवृत्त झालेले. त्यांनी तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापला, आत जाळी बसवली, खाली निखारे, वर निखारे, अशी भट्टीच करून दिली. पातेल्यातला स्कोन वरून पांढरट राहायचा, डब्यातला तांबूस व्हायला लागला. बापलेक ओसरीत भट्टीपुढं पाटावर बसून राहायचे. ती सांगायची, "बाबा, वरचे निखारे कमी करा," आणि हे चिमट्यानं एकेक निखारा उचलायचे, इंजिनाचा पार्ट काढल्यासारखे जपून. तिच्याशी ते जावयाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र एकदा विहिरीजवळ म्हणाले, "राहू दे तिले."

"राहू दे म्हणजे? किती दिवस?"

"राहील तितके."

"तुमाले काय जाते म्हणायले! बायांच्या तोंडाले तोंड मले द्या लागते."

आणि द्यावं लागतच होतं. शेजारच्या कमलकाकू, दोन म्हशी बाळगणाऱ्या, मनानं निर्मळ बाई. त्यांना स्कोन दिला तर उलटापालटा करून म्हणाल्या, "बिस्कुटाची माय हाये का हे?" आणि मग दुसरा घास तोंडात असतानाच, "जावई कधी येऊन राह्यले वं न्यायले?" भजनाला गेले तर तेच, गिरणीवर गेले तर तेच. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मी प्रत्येक वेळी काहीतरी नवं सांगत होते आणि सांगितलेलं लक्षात ठेवत होते.

जावयाचा फोन यायचा, तो मला. तिला नाही. "आई, तब्येत कशी आहे? बाबांचा गुडघा? आता पाठवा तिला. घर अगदी ओस पडलंय." इतकं मऊ बोलायचा की मी विरघळून जायचे. त्या एका फोनमध्ये तो माझ्याशी जेवढं बोलला, तेवढं तिच्याशी महिन्यात बोलत नसेल, हे मला दिसत होतं. तरी फोन ठेवून मी तिला म्हणाले, "चांगला बोलते वं तो." काय म्हणावं या बाईला!

पहिलं तिकीट काढलं ते नारळी पौर्णिमेनंतरचं. यवतमाळहून पुण्याची ट्रॅव्हल्स संध्याकाळी निघते, म्हणजे घरून दुपारी दोनला निघायचं. बॅगा भरल्या, ह्यांनी रिक्षा सांगितली. मी हातावर द्यायला दही काढायला गेले, तर पातेलं रिकामं. घासून, पुसून, पालथं.

"दही संपलं, आई," ती म्हणाली. "सगळं पिठात टाकलं."

आमच्या घरी हातावर दही घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाहीत. हा नियम माझा. दहावीच्या गणिताच्या पेपराला ती घाईत तशीच पळाली होती, पेपर वाईट गेला, आणि तेव्हापासून मी हट्टच धरला. कॉलेजला जाताना, मुलाखतीला जाताना, लग्नाच्या दिवशी मांडवात जाताना, प्रत्येक वेळी मी चमचाभर दही तिच्या तळहातावर ठेवलं आहे. आता माझाच नियम तिनं माझ्यापुढं ठेवला. मी म्हटलं, "साखर घे." ती म्हणाली, "नुसत्या साखरेनं नाही जमत. तूच म्हणते." ह्यांनी ताबडतोब रिक्षावाल्याला परत पाठवलं. मला वाटलं, चुकून झालं असेल. एक तिकीट गेलं तर गेलं.

दुसरं तिकीट पोळ्याच्या चार दिवस आधीचं. त्या दिवशी मी मुद्दाम दोन पातेली विरजली होती. सकाळी उठून ती भट्टीपुढं बसली ते बारापर्यंत. चार परड्या भरून स्कोन. घरात माणसं तीन! दीड वाजता तिनं दोन्ही पातेली धुवून टोपलीत उपडी ठेवली आणि ओल्या हातानं दाराशी उभी राहिली. "दही संपलं, आई."

तेव्हा मला कळलं. खोटं कशाला बोलू? लख्ख कळलं. ती कधीपासून उभी होती, मी एकदा "जाऊ नको" म्हणावं म्हणून. तिच्याच्यानं स्वतःच्या तोंडानं "राहू का" विचारवत नव्हतं. लग्न झालेल्या लेकीनं माहेरी राहायची परवानगी मागायची, हे तिच्या मानी स्वभावाला जमणारं नव्हतं. म्हणून ती बिचारी रोज दही संपवत होती. आणि मी ते पाहून म्हणाले, "बरं, पोळा करून जाय मंग."

पोळा झाला. बैल सजले, दारात आले, त्यांना पुरणपोळी चारली. स्नेहलनं एका बैलाला स्कोन दिला, त्यानं हुंगून मान फिरवली, सगळे हसले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, प्रवास करत नाहीत, म्हणून तिसरं तिकीट करीनंतरचं काढलं. ते मी काढायला लावलं.

कशी लावली मी ती घाई? पुष्कळदा विचार करते. मलाही लग्नानंतर दुसऱ्या वर्षी असंच वाटलं होतं, जाऊ नये परत. सासू फार बोलायची. माझ्या आईनं हातावर दही ठेवून मला एसटीत बसवून दिलं, आणि पुढं माझं बरं चाललं. म्हणून मला वाटलं, पोरीचंही चालेल. पण माझ्या वेळी घरात आवाज होता. सासू बोलायची, मी उलट बोलायचे, हे दोघींवर ओरडायचे. मी घरात आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. एवढा फरक माझ्या डोक्यात तेव्हा शिरला नाही, किंवा मी शिरू दिला नाही.

त्या दिवशी सकाळी ती पुन्हा पिठात दही ओतत होती. मी पाहिलं आणि मागच्या दारानं बाहेर पडले. कमलकाकूंकडं गेले. "वाटीभर दही द्या काकू, लेक निघून राह्यली." त्यांनी आनंदानं दिलं. वाटी पदराआड धरून मी चिखलातून परत आले. माझ्या आयुष्यात मी पदराआड काही आणलं असेल तर तेवढंच.

दीड वाजला. ती पातेलं धुवून आली. "दही सं..." म्हणाली आणि थांबली. वाटीवर कमलकाकूंच्या सासूचं नाव कोरलेलं आहे. ते तिनं वाचलं.

"मागून आणलं?"

"हो."

तिनं हात पुसले आणि तळहात पुढं केला. मी दही ठेवलं. तिनं ते खाल्लं, हात धुतला, बॅग उचलली. दाराशी जाऊन म्हणाली, "भट्टीत एक ताटली हाये. दहा मिनिटानं काढजो, नाहीतर जळतील."

हे तिला सोडायला गेले. मी गेले नाही, स्कोन काढायचे होते ना! भट्टीपुढं पाटावर बसून राहिले. दहा मिनिटांनी काढले. इतके सुंदर कधी झाले नव्हते. उंच, तांबूस, कडेला फाटून हसल्यासारखे. मला एक खाववला नाही. संध्याकाळी गल्लीत वाटून टाकले. प्रत्येक घरी सांगितलं, "लेक गेली आज पुण्याले." सगळ्यांना बरं वाटलं.

त्यानंतर दर रविवारी तिचा फोन येई. "बरी हाये. जेवली. तुमी कसे?" दोन मिनिटं, कधी तीनसुद्धा. दिवाळीत आली नाही, संक्रांतीला आली नाही. जावयाचे फोन ती परत गेल्यापासून बंदच झाले होते. मी विचारायचे, "बोलते ना तो?" ती म्हणायची, "हो." मी त्या "हो" वर विश्वास ठेवायचे, कारण मला ठेवायचा होता.

यंदाचं ते आंबट दही हातात घेऊन मी उभी होते ना, त्या दिवशी कढी केली नाही. मैदा काढला. लोणी चुरलं, दही ओतलं, चमच्यानं चार वेळा फिरवलं आणि हात मागं घेतले. हात मागं घेणं मला फार जड गेलं. ह्यांनी डब्याची भट्टी पेटवून दिली. पेला सरळ दाबला, सरळ उचलला. बारा स्कोन झाले. दोन वाकडे, बाकी बरे. गार करून कागदात गुंडाळले आणि तिला भरदुपारी फोन लावला. रविवार नव्हता.

"स्नेहू, स्कोन केले मी. बिनाअंड्याचे. कुरिअरनं धाडते. चांगले फुगले वं."

पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी हिंदीत ओरडत होतं. ती म्हणाली, "त्या पत्त्यावर नको धाडू, आई."

"काहून?"

"मी तिथं नाई राहत."

तिनं सांगितलं, सरळ, बातमी सांगावी तसं. एका बेकरीत लागली आहे. दोन पोरींसोबत खोली घेतली आहे. बरं चाललं आहे.

"कधीपासून?"

"होळीपासून."

"होळीपासून! अन् मले आता सांगून राह्यली? इकडे काहून नाई आली?"

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तू पुन्हा धाडून देशील म्हणून."

हे समोर उभे होते, त्यांना माझ्या चेहऱ्यावरून काय ते समजलं, त्यांनी फोनकडं हात केला, मी दिला नाही. मी म्हणाले, "नाई धाडत वं माय. चुकलं माझं. मले तेव्हाच माहीत होतं, तरी चुकली मी. ये तू. कधीबी ये, किती दिवसबी राहा."

"सुट्टी नाई आई आता. श्रावणात बिनाअंड्याच्या ऑर्डरी लई असतात."

"मंग मी येऊ का?"

पुन्हा भांड्यांचा आवाज. कोणीतरी तिला नावानं हाक मारली, एकदा, दोनदा. ती "आले" म्हणाली, त्यांना. मग मला म्हणाली, "सांगते."

आज तेरा दिवस झाले. ह्यांनी माझी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या, बाराही स्कोन मऊ पडले म्हणून पुन्हा केलेले बारा. रोज सकाळी विचारतात, "आज निघते का?"

मी म्हणते, "तिनं अजून ये म्हटलं नाही."